पाच भ्रूणांतून ‘हुशार’ मूल निवडता येतं का?

तुमचं पत्र मोठं आहे, म्हणून इतर वाचकांसाठी आधी त्याचा गाभा सांगते. तुम्ही ३६ वर्षांच्या, मिस्टर ३८ चे, ठाण्यात राहता. आयव्हीएफच्या दुसऱ्या सायकलमध्ये पाच भ्रूण मिळाले, ते क्लिनिकमध्ये फ्रीज करून ठेवले आहेत. न्यू जर्सीला असणारे तुमचे दीर म्हणतात, तिकडे भ्रूणाची जनुकीय माहिती तपासून उंची, बुद्ध्यांक, मधुमेहाचा धोका यांचे गुण देणाऱ्या कंपन्या आहेत. क्लिनिककडून डेटा घ्या, पुढचं मी बघतो. तुम्ही विचारलंय की हे खरंच होतं का, आपल्याकडे चालतं का, आणि चाललं तरी करावं का. मध्येच एका ओळीत असंही लिहिलंय की मिस्टरांचा एक मामेभाऊ लहानपणीच गेला, त्याला दर महिन्याला रक्त चढवावं लागायचं.

मी त्या एका ओळीपासून सुरुवात करणार आहे, कारण बाकी सगळं थांबू शकतं, ते नाही.

लहान मुलाला दर महिन्याला रक्त चढवावं लागत होतं म्हणजे आमच्या डोक्यात पहिलं नाव येतं थॅलेसेमिया मेजर, म्हणजे शरीराला पुरेसं हिमोग्लोबिन बनवता न येण्याचा आनुवंशिक आजार. दुसरंही काही असू शकतं, पण हेच असेल तर त्या मुलाचे आईवडील दोघंही वाहक होते, म्हणजे दोघांकडे दोषी जनुकाची एकेक प्रत होती. म्हणजे मामा वाहक. मग सासूबाई वाहक असण्याची शक्यता दोनात एक, आणि तुमच्या मिस्टरांची चारात एक. वाहकाला स्वतःला काही होत नाही, फार तर हिमोग्लोबिन जरा कमी दिसतं आणि डॉक्टर वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या देत राहतात. भारतात साधारण १०० मागे तीन-चार जण वाहक असतात. सिंधी, लोहाणा, कच्छी भानुशाली अशा काही समाजांत प्रमाण बरंच जास्त. दोघंही वाहक निघालात तर प्रत्येक भ्रूणाला मेजर होण्याची शक्यता चारात एक.

आता क्लिनिकची फाइल उघडा. त्यात तुमच्या नावाचा हिमोग्लोबिन एचपीएलसीचा (रक्तातल्या हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणाऱ्या तपासणीचा) कागद असायला हवा. त्यावर ‘एचबी ए२’ अशी एक ओळ असते. आकडा साडेतीनच्या वर असेल तर बहुधा वाहक. साडेतीनच्या आसपास असेल तर पुन्हा बघावं लागतं, कारण अंगात लोह कमी असलं की हा आकडा खोटा उतरतो. बऱ्याच ठिकाणी बायकोचीच तपासणी होते आणि ती नॉर्मल आली की नवऱ्याची करत नाहीत. एरवी ते चालतं, पण घरात असा इतिहास असताना मी दोघांचीही करून घेते. खर्च तुमच्या दिरांच्या कंपनीच्या बिलापुढे किरकोळ आहे. दोघंही वाहक निघालात तर परळला केईएमच्या आवारातच राष्ट्रीय रक्तविकार संस्था आहे. नेमका कुठला बदल आहे हे तिथे शोधता येतं, आणि मग त्या एकाच बदलासाठी पाचही भ्रूण तपासता येतात. असं तपासून घेतलेल्या भ्रूणाबद्दल मी तुम्हाला पुष्कळ खात्रीने काही सांगू शकते. हे होईपर्यंत भ्रूण गर्भाशयात ठेवायची, म्हणजे ट्रान्सफरची, तारीख घेऊ नका.

थॅलेसेमियात एका जनुकातला एक दोष असतो आणि त्याचा परिणाम ठरलेला असतो. उंची किंवा बुद्धी यांचं तसं अजिबात नाही. २०२२ साली उंचीवरचं आजवरचं सर्वांत मोठं संशोधन प्रसिद्ध झालं, त्यात ५४ लाख लोकांची माहिती होती. डीएनएमध्ये उंचीशी संबंधित १२,१११ जागा सापडल्या. एकेका जागेचा परिणाम मिलिमीटरच्या हिशेबातला. सगळ्यांची बेरीज करून माणसामाणसांतला उंचीचा फरक युरोपीय वंशाच्या लोकांत सुमारे ४० टक्के सांगता आला. इतरांत, म्हणजे आपल्यासारख्यांत, १० ते २० टक्के. कारण साधं आहे: अभ्यासात घेतलेली माणसं बहुतांश युरोपीय वंशाची होती. आपल्याकडे ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पाने १०,००० भारतीयांच्या जीनोमची माहिती गोळा केली आहे. ती मोलाची आहे, पण अशा गुणांसाठी लाखांत माणसं लागतात.

शिवाय गुण देणारी कंपनी जी तुलना करते ती तुमच्याच पाच भ्रूणांत, म्हणजे सख्ख्या भावंडांत. त्यांच्यात फरक मुळातच कमी. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ साली याचा हिशेब मांडला: दहा भ्रूणांतून सर्वाधिक गुणांचा निवडला तर सरासरी फायदा उंचीत साधारण अडीच सेंटिमीटर आणि बुद्ध्यांकात अडीच गुण. त्यांनी प्रत्यक्ष वाढलेली मुलंही तपासली. बरीच भावंडं असलेली २८ कुटुंबं घेतली. जनुकीय गुणांत जो पहिला, तोच घरात सर्वांत उंच, असं फक्त सात कुटुंबांत निघालं. तुमच्याकडे दहा नाहीत, पाच आहेत, आणि तुम्ही युरोपीय नाही. माझ्या ढोबळ हिशेबाने उंचीत सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर. मोजपट्टी धरणाऱ्याचा हात हलला तरी एवढा फरक पडतो.

बुद्धीचं गणित याहून कच्चं आहे. ज्याला हे लोक ‘बुद्धीचे जनुक’ म्हणतात ते बहुतेक वेळा शिक्षणाच्या वर्षांवरून काढलेले असतात. ३० लाख लोकांवरच्या अभ्यासातून काढलेले असे गुण अनोळखी माणसांत शिक्षणाच्या वर्षांतल्या फरकाचा १२ ते १६ टक्के भाग सांगतात, पण एकाच घरातल्या भावंडांत त्यांचा परिणाम जवळजवळ निम्म्यावर येतो. उरलेल्यातला बराच भाग बहुधा आईबापांच्या घरातून येतो: किती पुस्तकं होती, कोण अभ्यासाला बसवत होतं, फी भरायला पैसे होते का. त्यासाठी भ्रूणाची सुई-तपासणी लागत नाही.

मागे एका जोडप्याने असा परदेशी रिपोर्ट माझ्यासमोर टेबलावर ठेवला होता. चार पानं, हिरव्या-केशरी पट्ट्या, प्रत्येक भ्रूणाला पर्सेंटाइल. तीन नंबरचा भ्रूण बुद्धीत पहिला होता, म्हणून त्यांनी मनात तोच पक्का केला होता. मी क्लिनिकचा एम्ब्रिऑलॉजी रिपोर्ट बाजूला ठेवून बघितला. तीन नंबरचा दर्जा ३बीसी, म्हणजे त्यांच्या भ्रूणांत रुजण्याची शक्यता सर्वांत कमी असलेला. दोन नंबरचा ४एए. बुद्धीतला त्यांचा फरक होता ६१ आणि ५४ पर्सेंटाइल. एका बाजूला मूल होण्याची खरी शक्यता, दुसऱ्या बाजूला अंदाजाच्या पट्टीवरची सात घरं. आणि त्याच पानावर खाली तीन नंबरला टाइप टू मधुमेहाचा धोका इतरांपेक्षा जास्त दाखवला होता. नवऱ्याने विचारलं, ‘मग यातला चांगला कुठला?’ या प्रश्नाला त्या चार पानांत उत्तर नाही, कारण जनुक आपल्या सोयीने वेगळे बांधलेले नसतात. शिक्षणाशी जोडलेल्या काही जनुकीय बदलांचा बायपोलर विकाराशी आणि ॲनोरेक्सियाशीही (खाणं टाळण्याच्या विकाराशी) संबंध दिसतो. एक टोक ओढलं की दुसरं कुठे हलेल ते आज कोणीही सांगू शकत नाही.

एकच जनुक बदलून मोठा गुण मिळाल्याची उदाहरणं निसर्गात आहेत, आणि ती फार सांगितली जातात. फिनलंडचा स्कीपटू एरो मॅन्टिरांटा घ्या: त्याच्या कुटुंबात ईपीओआर जनुकातला एक बदल होता, त्यामुळे रक्तात तांबड्या पेशी खूप जास्त; त्याने ऑलिंपिकची सात पदकं मिळवली. एलआरपी५ मधल्या एका बदलामुळे काही लोकांची हाडं विलक्षण भक्कम असतात, पण पाण्यात त्यांना तरंगता येत नाही आणि खुब्याचा सांधा बदलायची वेळ आली तर सर्जनला घाम फुटतो. आपल्या पालघर-नंदुरबारकडचं सिकलसेल तर जिवंत उदाहरण आहे: त्याची एक प्रत असेल तर मलेरियापासून बचाव, दोन असतील तर जन्मभराचा आजार.

तुम्ही क्रिस्परबद्दल, म्हणजे डीएनए कापून जनुक बदलण्याच्या तंत्राबद्दल, विचारलं नाहीत, पण दिरांचा पुढचा फोन त्यावरच येईल, म्हणून सांगून टाकते. भ्रूण निवडणं वेगळं आणि भ्रूणातला जनुक बदलणं वेगळं. दुसरं काम केल्याचं नोव्हेंबर २०१८ मध्ये चीनच्या हे जियानकुई या संशोधकाने जाहीर केलं. एचआयव्हीचा शिरकाव ज्या दारातून होतो तो सीसीआर५ जनुक त्याने भ्रूणांत बिघडवला आणि जुळ्या मुली जन्माला आल्या. वडिलांना एचआयव्ही होता खरा, पण वीर्य धुऊन घेण्याची पद्धत वर्षानुवर्षं वापरात असताना याची गरजच नव्हती. जो नैसर्गिक बदल त्याला हवा होता तो नेमका झालाही नाही. सगळ्या पेशींत सारखा बदल झाला असंही नाही. पुढच्या वर्षी त्याला तीन वर्षांची कैद झाली. २०२० साली न्यूयॉर्कच्या एका प्रयोगशाळेने दाखवलं की मानवी भ्रूणात क्रिस्परने कापलेला डीएनए बऱ्याचदा जोडलाच जात नाही आणि अख्खं गुणसूत्र गळून पडतं. भ्रूणात केलेली चूक त्या मुलाच्या पुढच्या पिढ्यांपर्यंत जाते, हे वेगळं सांगायला नको.

जनुक बदलण्याचं तंत्र जन्मलेल्या रुग्णावर, फक्त त्याच्या शरीरापुरतं वापरलं की मी त्याची पूर्ण बाजू घेते. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत कॅसजेव्ही या क्रिस्परवर आधारलेल्या उपचाराला परवानगी मिळाली. सिकलसेल आणि थॅलेसेमियाच्या रुग्णाच्या स्वतःच्या मूळ पेशी बाहेर काढून त्यांत गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा सुरू करतात. अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे आपल्या रुग्णाला ते अजून चित्रातलंच औषध. २०२५ मध्ये फिलाडेल्फियात एका तान्ह्या बाळासाठी, फक्त त्याच्या एकट्याच्या दोषासाठी, सहा महिन्यांत उपचार तयार करून दिला. आणि इथे आपल्या पवईत आयआयटीने टाटा मेमोरियलबरोबर रक्ताच्या कर्करोगासाठी नेक्सकार१९ हा रुग्णाच्याच पेशींत जनुकीय बदल करणारा उपचार तयार केला, ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला परवानगी मिळाली; परदेशातल्या तशाच उपचारांपेक्षा किंमत कितीतरी कमी. जनुकं बदलण्याच्या विरोधात असल्याची शंका माझ्याबद्दल येऊ नये म्हणून हे सगळं लिहिलं.

कायद्याचं उत्तर लहान आहे. २०२१ च्या एआरटी (सहाय्यित प्रजनन तंत्रज्ञान) कायद्यात स्पष्ट लिहिलंय की भ्रूणाची जनुकीय तपासणी ज्ञात, आधीपासून असलेल्या, आनुवंशिक किंवा जनुकीय आजारांसाठीच करायची. उंची हा आजार नाही, बुद्ध्यांकही नाही. भ्रूणात कायमचा जनुकीय बदल करून गर्भधारणा करणं तर २०१९ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार निषिद्धच आहे. आणखी एक गोष्ट तुमच्या दिरांना बहुधा माहीत नाही: भ्रूणाच्या कच्च्या जनुकीय डेटात एक्स आणि वाय गुणसूत्रं असतात. तिकडचा रिपोर्ट ‘बॉय’ किंवा ‘गर्ल’ लिहून आला की तुम्ही आणि तुमचं क्लिनिक थेट पीसीपीएनडीटी या लिंगनिदानविरोधी कायद्याच्या कचाट्यात. क्लिनिकने डेटा द्यायला नकार दिला तर ते आडमुठेपणा करतायत असं समजू नका.

आता करावं का, हा प्रश्न. यावर मी घाबरवणार नाही. निवडीच्या बाजूचा युक्तिवाद कमकुवत नाही, तो नीट ऐकायला हवा. तत्त्वज्ञ ज्युलियन सावुलेस्कू २००१ पासून म्हणत आले आहेत की शक्य त्या मुलांतून ज्याचं आयुष्य सर्वांत चांगलं जाईल असं वाटतं ते निवडणं हे आईबापांचं कर्तव्यच आहे. आणि आपण काय वेगळं करतो? दादरला क्लास, सुट्टीत अबॅकस, दहावीनंतर कोटा. गरोदरपणात गर्भसंस्काराची सीडी. मुलात ‘सुधारणा’ करायला कोणाची ना नसते. मग जनुकांनीच काय पाप केलं?

माझ्यापुरतं उत्तर दोन गोष्टींत आहे. पहिली, क्लास मुलाला सोडता येतो. चौदाव्या वर्षी ‘मला नाही जायचं’ म्हणता येतं, भांडता येतं. गुणांवरून निवडलेल्या मुलाला त्या रिपोर्टशी भांडता येत नाही, आणि त्याच्या आईबापांच्या हातात जन्माआधीचा कागद असतो. पाचवीत ५५ टक्के मिळाले की तो कागद कपाटातून निघणार नाही याची हमी मी आजवर एकाही पालकाबद्दल देऊ शकलेली नाही.

दुसरी गोष्ट या शहराची आहे. गर्भजल परीक्षा गर्भातले गुणसूत्रांचे दोष ओळखण्यासाठी आली होती, ते चांगलंच काम होतं. १९८० च्या दशकात मुंबईच्या लोकलमध्ये जाहिराती लागल्या: आत्ता पाचशे रुपये खर्च करा, पुढचे पन्नास हजार वाचवा. पन्नास हजार कशाचे ते कोणाला विचारावं लागत नव्हतं. त्या काळच्या मुंबईतल्या एका पाहणीतला आकडा अजून सांगितला जातो: लिंग कळल्यानंतरच्या ८,००० गर्भपातांत ७,९९९ मुलींचे. याच शहरातल्या कार्यकर्त्यांच्या रेट्यामुळे महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात पहिला कायदा केला, १९९४ ला केंद्राचा आला. तरीही २०११ च्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या १,००० मुलग्यांमागे ८९४ मुलीच होत्या, दहा वर्षांपूर्वी होत्या त्यापेक्षा कमी. तंत्र आजारासाठी येतं आणि समाज त्याच्याकडून आपल्या आवडीचं मागतो, हे आम्ही पुस्तकात वाचलेलं नाही. उद्या गुण द्यायची मुभा मिळाली तर पहिली मागणी बुद्धीची येईल असं मला वाटत नाही. गोरेपणाची येईल. एसएलसी२४ए५ नावाच्या जनुकातला एक बदल त्वचेच्या रंगावर परिणाम करतो, आपल्या लोकसंख्येत तो भरपूर आहे, आणि उंचीपेक्षा त्याचा अंदाज करणं कितीतरी सोपं आहे. लग्नाच्या जाहिराती वाचणाऱ्याला पुढचं सांगायला नको.

यात जात येणार हेही उघड आहे. १९३६ साली लाहोरच्या परिषदेसाठी लिहिलेल्या, पण करू न दिलेल्या भाषणात बाबासाहेबांनी जातीमुळे वंश शुद्ध राहतो म्हणणाऱ्यांना उत्तर दिलं होतं: जात सुप्रजननासाठी रचली असं म्हणणं म्हणजे आजच्या शास्त्रज्ञांनाही नसलेलं आनुवंशिकतेचं ज्ञान पूर्वजांना बहाल करणं. ‘चांगलं रक्त’ मोजायला आता पर्सेंटाइल आला, एवढाच फरक.

मात्र रेषा नेहमी इतकी स्वच्छ नसते, हेही कबूल करायला हवं. पीसीएसके९ नावाचा जनुक काही लोकांत जन्मतःच बंद असतो. त्यांचं वाईट कोलेस्टेरॉल फार कमी राहतं, हृदयविकारही कमी होतो. आनुवंशिक कोलेस्टेरॉल असलेल्या प्रौढांच्या यकृतात तो बंद करण्याचे प्रयोग चालू आहेत. उद्या ते सुरक्षित ठरलं आणि मुलुंडचा एखादा धडधाकट चाळिशीतला माणूस म्हणाला, मला आत्ताच द्या, वडील ५२ व्या वर्षी अटॅकने गेले, तर हा उपचार की सुधारणा? मला नाही म्हणणं जड जाईल. तो प्रौढ आहे, स्वतःच्या शरीरापुरतं मागतोय, आणि परिणाम मोजता येतो. भ्रूणाच्या बाबतीत या तीनपैकी एकही गोष्ट नसते.

उंची आणि बुद्धी वाढत नाहीत असं मात्र नाही. दक्षिण कोरियात शंभर वर्षांत बायकांची सरासरी उंची २० सेंटिमीटरने वाढली. जनुकं तीच होती, ताटातलं अन्न बदललं आणि लहानपणचे आजार कमी झाले. गरोदरपणात आयोडीन कमी पडलं तर मुलाच्या बुद्ध्यांकावर जो घाव बसतो तो कुठल्याही भ्रूण-निवडीच्या फायद्यापेक्षा मोठा असतो. तुमचं थायरॉइड, फॉलिक ॲसिड आणि साखर आत्ताच नीट बघून घ्या.

पत्रात तुम्ही शेवटी विचारलंय की गुण कमी आले तर तिसरी सायकल करून आणखी भ्रूण गोळा करावेत का. नको. पाचाचे दहा केले तरी मिळणारी भर आणखी अर्ध्या सेंटिमीटरची, आणि त्यासाठी पुन्हा दहा-बारा दिवस पोटात इंजेक्शनं, पुन्हा भूल देऊन अंडी काढणं (पिकअप), ओव्हरीला सूज येऊन ॲडमिट व्हायचा धोका हे सगळं तुमच्या अंगावर, दिरांच्या नाही. आधी दोघांचं एचपीएलसी. ते नॉर्मल आलं तर पाचांपैकी कुठला आधी ठेवायचा हे तुमच्या एम्ब्रिऑलॉजिस्टला ठरवू द्या. नॉर्मल नसेल तर दोघंही रिपोर्ट घेऊन जनुकीय समुपदेशकाकडे जा, आणि शक्य असेल तर सासूबाईंनाही बरोबर न्या. मामेभावाचे जुने कागद कोणाच्या कपाटात आहेत ते त्यांनाच माहीत असेल.